ब्रह्मगिरीच्या फेरीत मागे राहिलेला



सज्जनहो, प्रदक्षिणा हा शब्द आपण इतक्या वेळा उच्चारतो की, त्यात ‘दक्षिण’ म्हणजे उजवा हात दडलेला आहे हे आपल्या ध्यानातही राहत नाही. ज्याच्याभोवती फिरायचे त्याला उजव्या हाताला ठेवून फिरायचे, एवढाच तिचा मुख्य विधी. देवळात हे अगदी सोपे असते. चार खांब, एक गाभारा, दहा-वीस पावलांत फेरी पुरी. घरच्या तुळशीला तर स्वैपाक करता करता बायका पाच फेऱ्या घालून मोकळ्या होतात. परंतु देव जेव्हा डोंगराएवढा असतो तेव्हा ही उजव्या हाताची गोष्ट सोपी राहत नाही. रात्रभर चालावे लागते. पाऊस असतो, धुके असते, शिखर दिसत नाही. डोंगर उजवीकडे आहे एवढ्या भरवशावर पाऊल टाकायचे, आणि शेवटी जेथून निघालो तेथेच परत यायचे.

त्र्यंबकेश्वराच्या ब्रह्मगिरीची ही फेरी आमच्या पुष्कळ वाचकांनी घातलेली असेल. ज्यांनी घातलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, म्हणजे रविवारी रात्रीपासूनच, कुशावर्तात स्नान करून लोक निघतात. लहान फेरी सुमारे २० किलोमीटरांची, मोठी ४० किलोमीटरांची. बहुतेक मंडळी लहान फेरी घालतात, आणि पुष्कळजण अनवाणी. प्रयागतीर्थावरून दक्षिणेच्या अंगाने पहिने, तेथून डोंगराच्या पाठीमागे, मग सापगावच्या बाजूने गणपतबारी, आणि पुन्हा त्र्यंबक. ब्रह्मगिरी समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच आहे. फेरी माथ्यावर जात नाही, पायथ्यानेच जाते. पण पायथा म्हणजे सपाट पटांगण असे कोणी समजू नये. बरीचशी वाट आता रस्त्याची झाली असली तरी मधले चढ-उतार मातीचेच आहेत. एका अंगाला काळा कडा, दुसऱ्या अंगाला घळ, आणि त्या घळीतून पाण्याचा आवाज. श्रावणातली लाल माती लोण्यासारखी होते. हजारो पायांनी ती तुडवली की कोणाचा पाय कुठे जाईल याचा नेम नाही.

काही तरुण आम्हांला म्हणतात, ‘बुवा, फेरीत काय आहे? वर चला. दुर्गभांडार पाहा.’ आम्ही पूर्वी ते पाहिले आहे. खडकातून खोदलेल्या पायऱ्या, मग दोन्ही बाजूंना खोल दरी आणि मधून जाणारी खडकाची अरुंद वाट. पाहताना छाती दडपते. ज्याच्या पायांत बळ आहे त्याने अवश्य जावे. परंतु ‘डोंगर सर केला’ ही भाषा वारकऱ्याच्या तोंडी शोभत नाही. डोंगराच्या माथ्यावर उभे राहिले की डोंगर आपल्या पायाखाली येतो. फेरी घातली की तो आपल्या उजव्या हाताला राहतो, जसा वडीलधारा माणूस राहावा तसा. फेरीत उंची मिळत नाही. कोणी पहिला येत नाही. निघालो तेथेच आलो, मग मिळाले काय, असे कोणी विचारले तर पंढरपूरला दरवर्षी जाऊन दरवर्षी घरी परत येणारा वारकरी त्याला काय उत्तर देणार?

आणखी एक शंका नेहमी येते. हा डोंगर शिवस्वरूप, क्षेत्र ज्योतिर्लिंगाचे; येथे तुमच्या टाळ-पताकांचे काय काम? शंका नवी नाही आणि तिचे उत्तरही नवे नाही. आपल्या संप्रदायाची गंगोत्रीच मुळी येथे आहे. आदिनाथांपासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्तिनाथ अशी परंपरा आली ती या डोंगराच्या कुशीत, आणि तिने जो मंत्र दिला तो आपला राम कृष्ण हरि. पांडुरंग मस्तकी शिवलिंग धारण करतो हे आपण लहानपणापासून ऐकतो. निवृत्तिनाथांची समाधीही याच ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी आहे. शके १२१९, म्हणजे १२९७ साली, ज्येष्ठ वद्य द्वादशीला ते समाधिस्थ झाले. पौष वद्य एकादशीला तेथे मोठी वारी भरते. तेव्हा ज्ञानोबारायांच्या गुरूंच्या अंगणात उभे राहून, आमचे येथे काय काम, असा संकोच वारकऱ्याने करू नये.

असो. आता मूळ मुद्द्याकडे येतो. हा लेख आम्ही एका कबुलीसाठी लिहीत आहोत, आणि ती कबुली निवृत्तिनाथांच्या कथेशी बांधलेली आहे.

कथा सर्वांच्या पाठातली आहे. आळंदीच्या ब्रह्मवृंदाने वाळीत टाकलेले विठ्ठलपंत रुक्मिणीमातेला आणि चारही लेकरांना घेऊन त्र्यंबकेश्वरी आले. रोज मध्यरात्री कुशावर्तात स्नान करून ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा घालायची, असे अनुष्ठान त्यांनी सुरू केले. एके रात्री वाटेत वाघ आडवा आला. सगळे भयाने पळाले, आणि त्या धावपळीत थोरला निवृत्ति चुकला. तो एका गुहेत शिरला. ती गुहा कोणी अंजनेरीच्या अंगाला सांगतात, कोणी ब्रह्मगिरीच्याच. आत गहिनीनाथ बसलेले. त्यांनी त्या मुलाला जवळ घेतले, मस्तकी हात ठेवला, आणि वाट चुकलेला मुलगा जगाला वाट दाखवणारा होऊन बाहेर आला. पुढे त्यानेच धाकट्या भावाला उपदेश केला आणि शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली.

या कथेवर आम्ही किती वेळा बोललो असू याची गणती नाही. वाघ म्हणजे काळ, गुहा म्हणजे हृदय, चुकणे म्हणजे प्रपंचाची वाट सुटणे, असे आम्ही सांगत आलो. श्रोते माना डोलावतात. पण एक गोष्ट आम्ही कधी पाहिली नव्हती. कथा सांगताना आमची नजर निवृत्तीच्या मागोमाग गुहेत जाते आणि तेथेच राहते. बाहेर वाटेवर काय चालले असेल? प्रचलित मताप्रमाणे निवृत्तिनाथांचा जन्म शके ११९५ चा, ज्ञानदेवांचा ११९७ चा, सोपानदेवांचा ११९९ चा, मुक्ताईंचा १२०१ चा. म्हणजे धाकटी लेक कडेवर घेण्याएवढी. रात्र, रान, वाघाची भीती. धाप लागलेली आई थांबते आणि लेकरे चाचपून पाहते. एक, दोन, तीन. चौथे कोठे आहे? त्या माउलीने त्या रात्री फेरी पुरी केली असेल का? विठ्ठलपंत म्हणाले असतील का, की अनुष्ठान मोडू नये, तो येईल मागून? हा विचार आमच्या डोक्यात कधी आला नाही. तो आणून दिला आमच्या मंडळातल्या एका कोळीण मावशीने, आणि तोही एक शब्द निरूपण न करता.

आम्ही ट्रॉम्ब्याला राहतो. एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला डोंगर, अशा जागेत आमचे गाव आहे. हा आमचा डोंगर सुमारे ३०० मीटर उंच, ब्रह्मगिरीपुढे अगदी लेकरू. पण त्याला आम्हांला फेरी घालता येत नाही. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, कुंपण आहे, पहारा आहे. ते योग्यच आहे. जन्मभर ज्या डोंगराच्या सावलीत राहिलो त्याची दुसरी बाजू पायी पाहायची सोय नाही, म्हणूनच की काय, आमच्या लोकांना ब्रह्मगिरीच्या फेरीचे फार कौतुक. मंडळात निम्मे कोळीवाड्यातले आणि निम्मे कारखान्यांच्या, गोदीच्या कामाला म्हणून नगर-नाशिक-साताऱ्याकडून आलेल्यांचे वंशज. एकत्र हरिपाठ म्हणता म्हणता कोण कुठला हे आता कोणी विचारत नाही.

२०२४ साली श्रावणातला तिसरा सोमवार १९ ऑगस्टला आला, आणि नारळी पौर्णिमाही त्याच दिवशी. कोळीवाड्यात त्या दिवसाचे महत्त्व आम्ही काय सांगावे! वाजतगाजत नारळ नेऊन दर्याला अर्पण करायचा, मग होड्या पाण्यात लोटायच्या. त्यामुळे त्या वर्षी कोळी मंडळींपैकी फारसे कोणी येणार नाही, असे आम्ही धरूनच चाललो होतो. पण या मावशी पडशी बांधून हजर. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, आणि पडशीत एक नारळ. आम्ही म्हटले, ‘मावशी, आज तुमचा सण.’ त्या म्हणाल्या, ‘दर्या काय पलून जाताय व्हय? त्याचा नारल मी संगती घेतलाय.’

नेहरूनगरच्या आगारातून एस.टी.ने नाशिक, तेथून २८ किलोमीटर त्र्यंबक. आम्ही तेवीस जण होतो, चौदा पुरुष आणि नऊ बाया. संध्याकाळी धर्मशाळेत थोडा वेळ होता म्हणून मंडळींनी आग्रह केला आणि आम्ही तासभर प्रवचन केले. विषय अर्थातच निवृत्तिनाथ. चुकलेल्याला गुरू भेटतो यावर आम्ही त्या दिवशी बरे बोललो असे सगळे म्हणाले. आम्हांलाही तसेच वाटले. समाधीचे दर्शन घेतले, कुशावर्तात बुडी मारली आणि रात्री दहाच्या सुमारास निघालो.

पौर्णिमा असूनही चंद्राचा पत्ता नव्हता. पाऊस सारखा नव्हे, पण थांबेही ना. वाटेवर माणसांची नुसती नदी लोटलेली. कोणी ‘बम बम भोले’ म्हणत होते, कोणी ‘ज्ञानोबा-तुकाराम’, आणि दोन्ही गजर एकमेकांत मिसळत होते. पहिन्यापर्यंत आम्ही सगळे एकत्र होतो. पुढे चढ लागला. मावशी बायकांना चिखलात चालायचे शिकवीत होत्या. खाडीच्या चिखलात निवट्या, चिंबोऱ्या धरीत त्यांचे लहानपण गेलेले; माळ घातल्यापासून ते सुटले, पण पाय विसरलेले नाहीत. पाय सरळ उपटू नये, आधी टाच सैल करावी. उताराला अंगठा आणि बोटे मातीत रुतवावीत, अंग किंचित मागे न टाकता आडवे धरावे. पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवू नये, कारण तेथली माती आधीच घोटलेली असते. यंदा जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. हातात काठी असावी आणि ती घळीच्या बाजूच्या हातात नव्हे, कड्याच्या बाजूच्या हातात असावी. आम्ही ते उलटे केले होते, आणि दोनदा काठी हवेत गेली.

चढ संपला तेथे वाटेच्या कडेला थोडी मोकळी जागा होती. आम्ही दम खायला थांबलो. मावशीने बॅटरीचा उजेड एकेकाच्या तोंडावर टाकला. होडी परत आली की आधी माणसे मोजायची, मग मासळी, ही कोळीवाड्याची सवय. आम्ही तोवर कधी मोजत नव्हतो.

‘बुवा, बावीसच हायेत. अण्णा नाय.’

अण्णा म्हणजे आमचे टाळकरी. गोदीतून निवृत्त होऊन बारा वर्षे झालेली, वय बहात्तर. अंगाने काटक, बोलायला कमी. आम्ही म्हणालो, ‘येतील मागून. गर्दीत अडकले असतील.’ एकाने मोबाईल काढला, पण तेथे रेंज नव्हती. दुसरा म्हणाला, सकाळी परतीची गाडी ठरलेली आहे. तिसऱ्याने आठवण केली की रात्री ट्रॉम्ब्याला आमचेच कीर्तन लागले आहे. ही सगळी कारणे खरी होती, त्यात कोणी लबाडी केली नाही. शेवटी आम्ही जे बोललो ते येथे लिहितो. आम्ही म्हणालो, ‘काही लागले-सवरले असते तर त्यांनी हाक मारली असती. हाक आलेली नाही. आणि मावशी, आपल्या मंडळाचा दंडक आहे, फेरीत मागे फिरत नाहीत. डोंगर डाव्या हाताला येतो.’

मावशीने पडशी खांद्यावर नीट केली, काष्टा घट्ट खोचला आणि म्हणाल्या, ‘मंग तुमी फिरू नगा.’ आणि त्या निघाल्या.

सज्जनहो, हजारो माणसे ज्या दिशेने येत आहेत तिच्या उलट, अरुंद वाटेने, रात्री, एका बाजूला घळ असताना चालणे काय असते ते तेथे उभे राहून पाहिल्याशिवाय कळणार नाही. लोक ओरडत होते, ‘ओ मावशी, उलट्या कुठं निघालात?’ त्या कड्याला अंग चिकटवून, हात जोडून, एकेकाला बाजूला सारीत उतरत होत्या. त्यांच्या बॅटरीचा ठिपका खाली खाली जाऊ लागला तेव्हा आमच्यातले दोन तरुण काही न बोलता त्यांच्या मागे गेले. आम्ही? आम्ही उभेच राहिलो. मागे फिरवेना आणि पुढेही जाववेना. चार तासांपूर्वी चुकलेल्याच्या भाग्यावर तासभर बोललेले आमचे तोंड त्या जागी मिटून गेले होते.

सुमारे तासाभराने ते परत आले. तरुणांनी हातांची खुर्ची करून अण्णांना आणले होते.

झाले ते असे. चढाच्या पायथ्याशी एक ओढा आहे. तेथे अण्णांचा पाय घसरला, घोटा मुरगळला. ते सरपटत वाटेच्या बाजूला एका दगडावर जाऊन बसले आणि तोंडाने हरिपाठ चालू ठेवला. जवळच्या पाड्यावरचा एक मुलगा, असेल दहा-बारा वर्षांचा, त्यांच्या डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरून बसला होता. वाटेने माणसे जात होती. जाणारा प्रत्येकजण म्हणत होता, ‘चला माउली! उठा माउली!’ आणि अण्णा प्रत्येकाला सांगत होते, ‘व्हा पुढं माउली, मी आलोच.’ शेकडो तोंडांनी त्यांना माउली म्हटले. थांबला तो एक पोर, ज्याने त्यांना माउली म्हटले नव्हते. ‘बाबा, लागलं का?’ असे विचारले होते. जाणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. आम्ही त्यांच्यातलेच.

आम्ही अण्णांना म्हणालो, ‘अहो, हाक का मारली नाही?’

अण्णा म्हणाले, ‘बुवा, हाक मारली असती तर तुम्ही सगळे मागं फिरला असता. तुमची फेरी मोडली असती.’

या एका वाक्याने आम्हांला जे लागले ते आजवर कोणाच्या कठोर शब्दाने लागलेले नाही. आम्ही म्हणत होतो, हाक आली नाही म्हणून जायचे नाही. ते म्हणत होते, हे येतील म्हणून हाक मारायची नाही. त्यांचा आमच्यावर केवढा विश्वास! आणि दोघांच्या मध्ये होती ती फेरी, जिला दोघेही सांभाळत होतो. व्रत सांभाळावे, यात शंका नाही. आळशी माणसाला मागे फिरायला निमित्तच हवे असते, म्हणून तर वडिलांनी असे दंडक घालून ठेवले. पण दंडक वाटेवर टिकून राहावे म्हणून असतो. वाटेवरचा माणूस खाली राहिला आणि दंडक तेवढा वर पोहोचला, तर आम्ही रात्रभर नेमके कोणाभोवती फिरलो?

भल्या माणसांची एक जात अशी असते की ती हाक मारीतच नाही. घरातली म्हातारी माणसे पाहा. गुडघे दुखतात, डोळ्यांना दिसत नाही, औषध संपलेले असते. मुलगा कामावर जातो, सूनही जाते. म्हातारी म्हणते, कशाला त्यांच्या मागे व्याप? आणि मुलगा म्हणतो, आईची काही तक्रार नाही. दोघेही खरे बोलतात. आमच्या ट्रॉम्ब्यात, चाळीत, इमारतीत, हे आम्ही रोज पाहतो. कीर्तनाला बोलावतात तेव्हा आतल्या खोलीत कोणी निजलेले असते, आणि आम्ही बाहेर माउलीचा महिमा सांगून, हार घालून घेऊन परत येतो. त्या रात्री उभ्या उभ्या आम्हांला किती घरांच्या आतल्या खोल्या आठवल्या, त्या येथे सांगत नाही.

आता रुक्मिणीमातेची गोष्ट. त्या माउलीने त्या रात्री काय केले हे आम्हांला कोणत्या ग्रंथाने सांगितलेले नाही, पण मावशीला पाठमोरे पाहिल्यावर आम्हांला ते कळल्यासारखे झाले. निवृत्तीला गुहेत गुरू भेटले हे खरे. पण कोणीतरी त्याला शोधीत रानात फिरत होते हेही तितकेच खरे असले पाहिजे. यापुढे ही कथा सांगताना आम्ही गुहेत शिरण्यापूर्वी थोडा वेळ बाहेर थांबतो. श्रोत्यांत ज्यांची लेकरे दूर आहेत त्या बायका तेथे डोळ्यांना पदर लावतात.

मावशीच्या नारळाचे सांगायचे राहिले. अण्णांना उचलण्यापूर्वी त्यांनी पडशीतून नारळ काढला आणि त्याच ओढ्यात सोडला. तरुणांनी विचारले, ‘मावशी, दर्याचा नारळ इथं?’ तर म्हणाल्या, ‘ह्यो वढा कुठं जाताय?’ प्रश्न बरोबर होता. ब्रह्मगिरीचे मोठे कौतुक हे की, त्याच्या एका अंगाचे पाणी गोदावरी होऊन १४६५ किलोमीटर पूर्वेला बंगालच्या उपसागरात जाते, आणि पश्चिम अंगाचे वैतरणेवाटे आपल्या पश्चिम समुद्राला मिळते. फेरी पहिन्याच्या पुढे वळते तेव्हा आपण त्या पश्चिमेच्या पाण्यात पाय घालतो. मध्ये धरणे आहेत, नारळ काही खाडीपर्यंत पोहोचायचा नाही, असे एका तरुणाने थट्टेने म्हटले. ते खरे आहे. वैतरणेवर १९५७ साली मोडकसागर झाला, १९७३ साली ऊर्ध्व वैतरणा, २०१४ साली मध्य वैतरणा, आणि मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्यातला मोठा वाटा या वैतरणेचा आहे. म्हणजे आम्ही ट्रॉम्ब्याला सकाळी तांब्यात धरतो त्या पाण्यात या डोंगराचाही अंश असतो. आम्ही वर्षातून एक रात्र त्याच्याकडे येतो, आणि तो वर्षभर आमच्याकडे येत असतो. मावशीला यातले एकही साल ठाऊक नव्हते, तरी नारळ बरोबर ठिकाणी पडला.

पुढच्या गावापर्यंत अण्णांना आळीपाळीने नेले. तेथे एक जीप मिळाली. एका तरुणाला बरोबर देऊन त्यांना त्र्यंबकला पाठवले. जीपमध्ये बसताना ते एवढेच म्हणाले, ‘माझी फेरी राहिली.’ त्यावर आम्हांला उत्तर सुचले नाही.

मग चालता चालता मावशी आमच्या जवळ आल्या. आवाज खाली करून म्हणाल्या, ‘बुवा, मी उलटी गेली तवा डोंगर डाव्या हाताला आला. दोष लागंल का वो?’

इतका वेळ ही बाई कोणाला न जुमानता गेली असे आम्हांला वाटत होते. तिला दंडकाची भीती नव्हती असे नाही. भीती पदरात बांधूनच ती खाली उतरली होती.

आम्ही सांगितले ते असे. महादेवाच्या देवळात पूर्ण प्रदक्षिणा घालीत नाहीत. पिंडीवरचे पाणी ज्या पन्हाळीने बाहेर पडते ती ओलांडायची नसते. तेथवर जायचे, आणि आल्या वाटेने उलटे फिरून दुसऱ्या बाजूने पुन्हा पन्हाळीपर्यंत यायचे. याला सोमसूत्री प्रदक्षिणा म्हणतात. म्हणजे शंकराला आपण स्वतःच निम्मा वेळ डाव्या हाताला ठेवतो, आणि तो शास्त्रानेच सांगितलेला मार्ग. हा डोंगर त्याचेच रूप. तुम्ही वाहत्या पाण्यापर्यंत गेलात आणि परत फिरलात. मावशी, बावीस जणांत विधी कोणाचा बरोबर झाला असेल तर तो तुमचा.

त्या हसल्या. म्हणाल्या, ‘तुमी काय, कायबी जुलवता.’ आणि पुढे गेल्या.

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. शास्त्राचा आधार आम्ही नंतर शोधला. उतरताना त्यांच्यापाशी तो नव्हता. बाकीची मंडळी सोमसूत्रावर बरीच खूश झाली. आम्ही मात्र त्या वाटेवर पुढे फारसे बोललो नाही.

गणपतबारीला उजाडले. पाऊस थांबला होता आणि ब्रह्मगिरीचे कडे ढगांतून थोडे थोडे बाहेर येत होते. पायांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली, अंगावर चिखल. सातची गाडी केव्हाच गेली होती. कीर्तनाचे पाहून घ्यायला आम्ही ट्रॉम्ब्याला निरोप धाडला.

कुशावर्तावर पोहोचलो तो अण्णा पायरीवर बसलेले. घोटा सुजून भोपळ्याएवढा झाला होता, त्याला कोणी फडके बांधले होते. बरोबरचा तरुण त्यांच्या खांद्याला टेकून झोपला होता. अण्णांचे कपडे रात्रीचेच, चिखलाने वाळून कडक झालेले. आम्ही विचारले, ‘अण्णा, अजून स्नान नाही केले?’

‘तुम्ही यायचे होता ना,’ ते म्हणाले.

मावशीने तेथेच उभे राहून बोट फिरवीत सगळ्यांना मोजले. झोपलेल्या तरुणाला धरून तेवीस भरले. मग आम्ही अण्णांना दोन्ही बाजूंनी धरले आणि पाण्यात उतरलो.